चुकारा आला की घेऊ : न मिळालेल्या खेळण्यांचा धागा

काळीमाती (दारव्हा, यवतमाळ)

आमच्याकडे खेळण्यासाठी हट्ट करायचाही हंगाम ठरलेला होता. पेरणीच्या दिवसांत हट्ट केला तर पाठीत धपाटा. पोळ्याच्या तोंडावर केला तर "बैलाचा साज घ्याचा हाये, तुह्यं काय मधातच?" दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटायची, वावरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, व्हायची, वेचणी सुरू व्हायची आणि समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस साचायचा. तेव्हापासून घरातल्या झाडून सगळ्या मागण्यांना एकच उत्तर : "चुकारा आला की घेऊ."

ज्यांनी हा काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. बंडी भरून कापूस संकलन केंद्रावर न्यायचा, रांगेत रात्र काढायची, काटा करायचा आणि पावती घेऊन घरी यायचं. पैसे मागाहून, हप्त्याहप्त्यानं. तोच चुकारा.

माझं मन एका चाबीच्या आगगाडीवर बसलं होतं. तालुक्याच्या गावी एका जनरल स्टोअर्समध्ये काचेच्या कपाटात वरच्या फळीवर ती होती. टिनाचं लाल इंजिन, दोन डबे आणि तुकडे जोडून गोल करायचे रूळ. खोक्याचा एक कोपरा फाटलेला होता, तिथून मागच्या डब्याची खिडकी दिसे. खिडकीत माणसं रंगवलेली, त्यातल्या एकाच्या डोक्यावर हॅट. दुकानदार चाबी भरून दाखवायचा, पण फक्त घेणाऱ्याला. आमचे बाबा घेणारे नव्हेत हे त्याला धोतरावरूनच कळत असावं.

गंमत म्हणजे खरी खेळण्याएवढी गाडी आमच्या गावावरूनच जायची. शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, आणि १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. चढावर पोट्टे उतरून बाजूनं चालायचे आणि पुन्हा चढायचे. देशभरातून लोक जी गाडी पाहायला यायचे ती सोडून मी कपाटातल्या गाडीसाठी झुरत होतो, कारण शकुंतलेला चाबी नव्हती आणि ती माझ्या हुकमानं थांबत नव्हती.

चुकारा आला. त्यातून कृषी केंद्राची उधारी गेली, मोटर जळाली होती ती भरून आणली, आत्याच्या लग्नाचं देणं फिटलं. आगगाडीचं नाव निघालं नाही, मीही काढलं नाही.

तर राजेहो, तुमचं खेळणं कोणतं होतं आणि ते कशावर अडलं होतं, सांगा.

---

पऱ्हाटी

आमच्या घरी चुकाऱ्यावर येवढे जन टांगलेले राहात की चुकारा आला तरी तो कोनाचा हेच समजत नव्हतं. आजीचा चष्मा, दादाची फी, छताचे टिन. मी तं नंबरातच नव्हतो. मले टिकल्या फोडाचं पिस्तूल पाह्यजे होतं, रोलवालं. शेवटी दगडावर टिकली ठेवून दुसऱ्या दगडानं फोडली. आवाज तोच आला, पन चोर मरत नव्हता ना बाप्पा!

---

संत्रावाली (वरूड)

पिस्तूल भावांना तरी मिळायचं. तुमच्या मागण्या पुढे ढकलल्या जात, आम्हा मुलींना काय पाहिजे हे कोणी विचारतच नसे. मुलगी म्हटली की भातुकली. बहिरमच्या यात्रेत बाबांनी न विचारता पितळी भातुकली घेतली, कारण "पितळ आहे, मोडीतही पैसे येतात." खेळण्यातही गुंतवणूक!

आमच्याकडे कापूस नाही, संत्र्याचा बगीचा. फळ झाडावर असतानाच व्यापारी सौदा करून इसार देऊन जायचा, तोड झाली की बाकीचे पैसे. आंबिया बहाराची तोड आणि बहिरमची यात्रा साधारण एकामागून एक. डिसेंबरच्या २० तारखेच्या आसपास यात्रा सुरू व्हायची ती महिन्यावर चालायची. मोठ्यांना ओढ हंडीतल्या मटणाची आणि रोडग्यांची. मला ओढ एका दुकानाची, जिथे दोरीवर बाहुल्या टांगलेल्या असत. त्यातली एक आडवी केली की डोळे मिटायची आणि उभी केली की उघडायची. खऱ्या पापण्या होत्या तिला! दुकानातल्या बाईंनी एकदा माझ्या हातात दिली. मी आडवी केली, तिनं डोळे मिटले, पण एकच. दुसरा अर्ध्यावर अडकला. बाईंनी पाठीवर चापट मारली तेव्हा तोही मिटला. आत खडखड असा आवाज आला. डोळ्यांच्या मागे एक वजन असतं, बाहुली कलली की ते फिरतं, एवढं पुढे मला कळलं. तेव्हा वाटलं की हिला झोप येत नाहीये.

आईनं नंतर जुन्या लुगड्याची बाहुली करून दिली. चिंध्या भरून, काजळानं डोळे काढून. आईचं प्रेम वगैरे मला मान्य आहे, पण खरं सांगते, मला ती आवडली नाही. ती कायम टक्क जागी.

---

पऱ्हाटी

टक्क जागी 😄 ताई, रात्री भेव नाही वाटलं?

---

संत्रावाली

वाटायचं ना! म्हणून तिला दिवाणाखाली उलटी ठेवत होते.

---

बोडीकाठचा (साकोली, भंडारा)

आमच्या झाडीपट्टीत कापूस नाही गा, धान. आणि खेळण्याचा दिवस म्हणजे मंडई. भाऊबीज झाली की आज या गावची, उद्या त्या गावची, अशी मंडई सुरू होते. दिवसा दुकानं आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई आलेले असतात. म्हणजे गावातल्या प्रत्येक लेकराला त्या दिवशी कोणता तरी मामा सापडतोच. अडचण एकच. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, अन् नगदी पैसा कोणाच्याच हाती नसतो. मुरमुरे-फुटाणे ओंजळभर धानावर मिळून जात. खेळणीवाला मात्र बाहेरगावचा, तो धान घ्यायचा नाही.

त्याच्यापाशी टिनाची बोट होती. हातभरही नाही, वीतभर. तो एका घमेल्यात पाणी भरून ती सोडून ठेवायचा. बोटीच्या पोटात पेटती वात आणि मागे दोन बारीक नळ्या. चाबी नाही, सेल नाही, तरी ती फट फट फट करत घमेल्याच्या काठाकाठानं फिरत राहायची. मी तिथंच बसून राहिलो. नाटकाचा पडदा उघडला तरी बसून. शेवटी खेळणीवालाच म्हणाला, "बाबू, बाजूला सरक, गिऱ्हाईक येऊ दे."

घराच्या मागे आमची बोडी, म्हणजे लहान तळं, होती. तिच्यात ती बोट सोडायची, पार पलीकडच्या पारीपर्यंत जाऊ द्यायची, आणि तिकडून मित्रानं वात बदलून परत पाठवायची. एवढा बेत तयार होता. बोट तेवढी आली नाही. मामानं पिपाणी घेऊन दिली. ती घरी पोचेपर्यंत आजोबांनी तोडून टाकली.

---

खडूफळा

बोडीकाठचा, त्या बोटीत इंजिन असं काही नसतंच. टिनाची एक चपटी डबी असते, तिलाच दोन नळ्या जोडलेल्या. आधी त्यांत पाणी भरतात. वात पेटवली की डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते आणि बोट पुढे सरकते. वाफ नळीत गार झाली की तिचं पुन्हा पाणी होतं, आत पोकळी पडते आणि बाहेरचं पाणी परत आत ओढलं जातं. पुन्हा वाफ, पुन्हा धक्का. डबीचं वरचं पातळ पत्रं या ओढाताणीत आत-बाहेर होतं, तोच फटफट आवाज.

मग प्रश्न असा की पाणी जेवढं बाहेर जातं तेवढंच आत येतं, तर बोट जागच्या जागीच का राहत नाही? बाहेर पडताना पाण्याची सरळ मागे धार लागते. आत येताना ते नळीच्या तोंडाशी चारही बाजूंनी गोळा होऊन येतं, शिवाय आत आलेलं पाणी डबीला आदळून थांबतं, त्यामुळे ओढीचा परिणाम फिटून जातो. उरतो तो पुढचा धक्का. या बोटीचं पेटंट १८९१ सालचं आहे, तोमा पियो नावाच्या माणसाचं. मी दर वर्षी नववीच्या वर्गात ही बोट नेतो.

---

पऱ्हाटी

सर, प्रेझेंट!

---

तर्रीवाला (मूळ गाव सिंदी रेल्वेजवळ, आता नागपूर)

सगळ्यांचं वाचून वाटलं की आमच्या वर्धा-नागपूरकडे पोरांचं बरं होतं. आमचा खास खेळण्याचाच सण आहे, तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाडव्याला लाकडाचे नंदी घेऊन पोरांनी दारोदार जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. नागपुरात ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगतात. सिंदीचा तान्हा पोळा तर पाहायला दुरून लोक येतात.

पण त्यातही पोटदुखी होतीच. ज्याचा नंदी मोठा त्याचा रुबाब मोठा. पाटलाचा नंदी सागवानाचा, शिंगांना पितळी शेंब्या, चाकं रंगवलेली, ओढायला दोन गडी. माझा नंदी सुतारानं चऱ्हाटाच्या बदल्यात करून दिलेला, आडजात लाकडाचा, आणि त्याला चाकंच नव्हती. काखेत मारून फिरायचो. एका घरी आजीनं विचारलं, "कारे, बैल आजारी हाये का?" त्या गल्लीत मी पुन्हा गेलो नाही.

चाकं पाहिजेत म्हणून बोजारा साठवला. साठवला म्हणजे आईकडे ठेवायला दिला. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे.

आताचं पाहवत नाही. नंदी आठ-आठ फुटी, तो उचलायला बाप आणि काका, बक्षिसात सायकल आणि कूलर, मागे नगरसेवकाचं बॅनर. पोरगं कुठे आहे म्हणून पाहावं तर धोतर-फेट्यात घामाघूम होऊन एका बाजूला रडतंय.

---

काळीमाती

"बैल आजारी हाये का" वाचून पाणी नाकात गेलं राजा.

---

लोणारी

आमच्या गावात एका बदलून आलेल्या साहेबांच्या मुलाकडे व्ह्यूमास्टर होता. डोळ्यांना लावायचा, बाजूचा खटका दाबायचा, चित्र बदलायचं. एका चकतीवर चौदा बारीक फिल्मा असतात, पण चित्रं सातच, कारण प्रत्येक चित्र डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळं काढलेलं असतं. म्हणूनच ते खोल दिसतं. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही वस्तू पहिल्यांदा लोकांपुढे आली. आमच्या ओट्यावर पोचायला पुढची चार दशकं लागली.

त्या मुलाचा नियम कडक होता. एक बोर दिलं की एक खटका. बोरं संपली की यंत्र खिशात. त्याच्याजवळ एकच चकती, तीही कुठल्याशा परदेशी धबधब्याची. आमच्या मागे दोन कोसांवर उल्केनं पाडलेलं लोणारचं विवर, जगातले शास्त्रज्ञ ते पाहायला येतात, आणि आम्ही बोरं मोजून धबधबा पाहतोय! काठावर उभं राहिलं की फुकटात खोल दिसत होतं, पण त्याला खटका नव्हता.

---

सालदाराचं पोर (दर्यापूर)

दोन दिवस वाचून रायलो. लिहू की नको, असं होत होतं.

चुकारा ज्याच्या नावानं पावती त्यालाच यायचा. माझा बाप सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पाडव्याला साल धरायचं, घरात कोणी आजारी पडलं की मालकाकडून उचल घ्यायची. पुढचा पाडवा येईपर्यंत सालाचे पैसे उचलीतच फिटलेले असत. म्हणजे आमच्या घरात "अमुक झालं की घेऊ" हे वाक्यच नव्हतं. तुम्ही सगळे वाट पाहत होता. वाट पाहायलाही काहीतरी येणार असावं लागतं.

खेळणी आमच्या घरी यायची, नाही असं नाही. मालकाच्या पोराची मोडली की यायची. तीनचाकी सायकल आली तेव्हा तिला एकच पायडल होतं आणि सीटच्या जागी लोखंडी दांडा. बापानं दांड्यावर पोत्याची घडी करून बांधली, दुसऱ्या पायडलच्या जागी बाभळीचा तुकडा ठोकला. तो तुकडा गोल फिरत नव्हता, पाय घसरायचा, नडगी फुटायची. तरी मी दिवसभर चालवली. संध्याकाळी मालकाचं पोरगं आमच्याकडे आलं आणि मी चालवतोय हे पाहून त्याला ती परत पाहिजे झाली. बापानं मुकाट्यानं पोत्याची घडी सोडून घेतली आणि सायकल वाड्यावर नेऊन ठेवली.

म्हणून "काय ते दिवस होते" असं कोणी लिहिलं की मला काही सुचत नाही.

---

खडूफळा

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. इथे बहुतेकांनी आपापल्या ओट्यावरून लिहिलं. वाड्याच्या मागच्या दारातून कोणी लिहिलं नव्हतं.

---

काळीमाती

दादा, धागा मी काढला, पण त्यातलं सगळ्यात खरं तुम्ही लिहिलं. आमच्याकडेही सालदार होते. त्यांची पोरं माझ्यासोबत कापसाच्या ढिगात उड्या मारायची. त्यांना काय पाहिजे होतं हे मला आजही सांगता येणार नाही.

---

तर्रीवाला

बाभळीच्या तुकड्याचं वाचून थांबलो. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

---

सालदाराचं पोर

वडील आहेत, ठणठणीत आहेत. ते वाचून दाखवलं तर म्हणाले, "बाभूय नोहोती ते, बोर होती." आता बोला.

---

भारनियमन

आमची पिढी तुमच्या नंतरची, पण तऱ्हा तीच. आमच्या वेळेला हातात धरायचा ब्रिक गेम आला होता. खोक्यावर लिहिलेलं ९९९९ खेळ. प्रत्यक्षात विटा पडायच्या, साप वळायचा, गाडी धावायची आणि बाकी सगळी त्यांचीच पिल्लावळ. मूळ विटांचा खेळ, टेट्रिस, रशियातल्या अलेक्सी पाजितनोव्हनं १९८४ मध्ये केला, पण आठवडी बाजारातल्या पालावर ते कोण सांगणार!

खेळ एकदाचा मिळतो हो, त्याचे सेल कोण देणार? सेल उतरले की आम्ही ते टिनावर उन्हात ठेवायचो. नाही जमलं तर दातानं चावायचो. थोडा वेळ चालायचेही. आजोबांच्या टॉर्चमधले सेल काढून खेळायचे आणि रात्री ओलिताला निघण्याआधी परत टाकायचे, हा आमचा नित्यक्रम. एके रात्री आजोबा वावरात पाणी द्यायला गेले आणि मधातच टॉर्च विझली. अंधारात पाय सापावर पडला नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी ब्रिक गेम विहिरीत.

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम चुलतभावाकडे होता. खेड्यातलं भारनियमन असं की शेवटच्या टप्प्यात पोचलो की लाइन जाणारच. शेवटचा राक्षस मी अजून पाहिलेला नाही.

---

पऱ्हाटी

सेल चावल्यानं चालतात हे आमाले बी मालूम होतं. कोनं शिकवलं असंन? भारतभर पोट्टे सेल चावून रायले होते!

---

खडूफळा

चावल्यानं आतलं रसायन थोडं हलतं आणि उन्हानं गरम झालं की उरलेली शक्ती सुटते, म्हणून घटकाभर चालतात. पण कृपया आता कोणी करू नका. गळका सेल तोंडात गेला तर भाजतं.

आणि खेळणी स्वस्तात करायचीच असतील तर अरविंद गुप्तांचं काम जरूर पाहा. काड्यापेटीतल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, रिकामी रिफिल यांतून त्यांनी शेकडो खेळणी केली आणि ती फुकट खुली ठेवली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या शाळेत काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे त्रिकोण-चौकोन पोरं मधल्या सुटीतही सोडत नाहीत.

---

संत्रावाली

सर, तुमचं सगळं पटतं. पण व्हॉल्व्ह ट्यूबच्या चौकोनाला पापण्या नसतात.

---

चिमूरकर

उशिरा आलो. आमच्याकडे वसंत पंचमीपासून घोडायात्रा भरते, महाशिवरात्रीपर्यंत चालते. बालाजीची स्वारी लाकडी घोड्यावर निघते. मला दुकानातलं काहीच नको होतं, मला तोच घोडा पाहिजे होता. आईनं सांगितलं, तो देवाचा आहे. मी विचारलं, देव बाकीचं वर्ष त्यावर बसतो का? उत्तर मिळालं, पण ते गालावर.

---

भारनियमन

😂😂

---

बोडीकाठचा

यंदा मंडईला गावी जातोय. मुलगी सातवीत आहे, तिला खडूफळा सरांचं वाफेचं प्रकरण वाचून दाखवलं, ती आता मागे लागली आहे. टिनाची बोट हल्ली मिळते का कुठे? प्लास्टिकची नको. ऑनलाइन एक पाहिली, पण फोटोवर भरवसा वाटत नाही.

---

तर्रीवाला

नागपुरात महालाकडच्या जुन्या खेळण्यांच्या दुकानांत विचारून पाहा. आणि गावच्या यात्रांमध्ये अजून एखादा फिरता विक्रेता घेऊन बसलेला दिसतो. तो सांगेल त्याच्या निम्म्यावरून बोलणी सुरू करा.

---

खडूफळा

घेताना एवढं पाहा. एका नळीत फुंकर मारा, दुसरीतून हवा आली पाहिजे. नाही आली तर आत जोडकामाच्या झाळेचा थेंब अडकला आहे, ती घेऊ नका. मग डबीचा सांधा बघा, झाळ काळी पडून तडकलेली असेल तर वाफ तिथूनच निघून जाते आणि बोट नुसती तापते. घरी आल्यावर एका नळीतून हळूहळू पाणी ओता, दुसरीतून बाहेर येईपर्यंत. नळ्यांच्या टोकांवर बोटं धरूनच बोट पाण्यात ठेवा, नाहीतर भरलेलं सांडतं. वात लहान ठेवा, गोडं तेल चालतं. कोरड्या डबीखाली वात पेटवाल तर झाळ वितळेल आणि बोट तिथेच संपली.

---

बोडीकाठचा

लिहून घेतलं सर. बोडीत मात्र आता शिंगाडे लावले आहेत, वेलांत अडकेल. आधी घमेल्यात चालवतो.

---

पऱ्हाटी

घमेल्यातला व्हिडिओ टाका भाऊ. आवाजासहित.